सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं मलम

सोमवार, ३० डिसेंबर

तिळाएवढे दाणे! येमूच्या तळपायाला. सकाळी आंघोळ घालताना दिसले. वाटलं मुंगी चावली. मग तिची मूठ उघडून बघितली तर तळहाताला बी तसलंच.

आठ महिन्यांची पोर. तिचे पाय म्हंजी काय — एकदा हातात धरले की मी सोडायचंच इसरते. कागदावर तिचं नाव मोठं फॅशनचं हाय. रविराजनं आन् वैष्णवीनं मोबाइलात बघून ठिवलंय. माझ्या तोंडात ते बसत न्हाई. मी आपली कवठ्याच्या देवीचं नाव घेते — येमू. आन् ती बी येमू म्हणल्यावरच वळून बघती. मग सांगा, खरं नाव कुठलं!

दाण्यांवर खोबरेल लावलं. वैष्णवी म्हणाली, "आत्या, डॉक्टरला दाखवायचं का?" म्हणलं, अगं थंडी हाय, लेकराची कातडी कवळी, उलती. तुझ्या नवऱ्याला ल्हानपणी पाठभर पुरळ यायचं. आता बघ केवढा झालाय, कंपनीत मशीन चालवतो.

मालक गोठ्याच्या दारात बाजंवर बसून ऐकत व्हते. एक शब्द बोलले न्हाईत. कसे बोलत्याल! दौंडला त्यांचा जुना मित्र हाय, त्याच्या पोरीशी रविराजचं लग्न लावायचा शब्द दिला व्हता त्यांनी. आन् आमच्या पठ्ठ्यानं शिक्रापूरला कामावरची वैष्णवी बघितली आन् परस्पर कोर्टात सह्या केल्या. तवापासून मालकांनी आण घेतलीय — सुनेच्या हातचं खायचं न्हाई, तिच्याशी बोलायचं न्हाई, तिचं पोर हातात घ्यायचं न्हाई. अंथरूण बी गोठ्यात नेलं. माझ्या हातचं जेवत्यात आन् म्हशीशी बोलत्यात.

येमू त्यांच्याकडं बघून दोन्ही हात हलवती. आन् हे तोंड फिरवून बसत्यात. माणूस हाय का धोंडा!

गुरुवार, २ जानेवारी

शेजारची राबिया भिंतीवरनं डोकावली. येमूचे पाय बघून म्हणाली, "खोबरेल काय लावतीस कस्तुरा? मेडिकलात एक ट्यूब मिळती. आमच्या मेहकच्या मानंवर नायटा आलता, तीन दिवसांत साफ!" मेहक म्हंजी तिची नात. राबियाचा नवरा मीरासाहेब टेम्पो घिऊन शिरूरला चालला व्हता, त्यालाच आणायला सांगितली. मेडिकलवाला म्हणाला म्हणे, सगळ्यावर चालती.

येमूला लावली. माझ्या बोटांच्या बेचक्यात दोन दिस झालं खाज येती, तिथं बी लावली. रविराजच्या कंबरेला बी. एक ट्यूब आन् सगळं घर! स्वस्तात काम झालं म्हणून मी खुशीत.

शनिवार, ४ जानेवारी

लाली गेली! राबियाला साखर दिली.

बुधवार, ८ जानेवारी

साखर वाया गेली. दाणे मनगटाला आले, बेंबीभवती आले, डोक्यात बी आले. रात्रीची खाज जास्त. अजून खाजवायला सुदिक येत न्हाई ओ तिला! नुसती पायावर पाय घासती आन् रडती. कुठं खाजतंय ते तिलाच कळत न्हाई.

संक्रांतीला तिचं बोरन्हाण करायचं ठरलंय. आमच्या येळी हे नव्हतं, निदान आमच्या घरात तरी नव्हतं. वैष्णवीला हौस. काळा फ्रॉक शिवलाय, हलव्याचे दागिने केलेत, बोटाएवढा हार. असल्या अंगावर घालायचा कसा?

उद्याच्या उद्या शिरूरला जायचं म्हणलं तर रविराज म्हणतो शुक्रवारी सुट्टी टाकतो. बरं.

शुक्रवार, १० जानेवारी

कातडीच्या डॉक्टरीणबाईकडं जाऊन आलो. बया, केवढी गर्दी! मला वाटायचं ताप-खोकल्यालाच माणूस डॉक्टरकडं जातं. तिथं एक पोरगा तोंडाला रुमाल बांधून बसलेला. चोर असंल म्हणलं, तर तोंडभर मुरमं! म्हणाला, "आजी, फोडत व्हतो म्हणून डाग पडले. आता मॅडमनी फोडू नको म्हणलंय, रात्री लावायचं जेल दिलंय. दोन-तीन महिने धीर धरा म्हणत्यात." म्हणलं धर बाबा, तोंड कुठं पळून जातंय. एका बाईच्या कोपरावर कोड. लांब सरकून बसली व्हती. मी आपली तिच्याच शेजारी टेकले. कोड काय शिवून लागतं का? ती बी मग बोलायला लागली. आठवड्यातनं दोनदा येती, लाइटीच्या पेटीत उभं करत्यात. डागाच्या कडंनं रंग भरत आलाय. दाखवला मला. खरंच, ठिपके ठिपके आलेले, शिंपडल्यासारखे.

आमचा नंबर आला. मॅडमनी भिंगाचा दिवा येमूच्या मनगटावर धरला. ट्यूब बघून कपाळाला आठ्या. "आजी, ही कुणी दिली?"

"मेडिकलवाल्यानं."

"यात स्टिरॉइड आहे. लाली दाबली जाते, आजार आत तसाच वाढत राहतो. लेकराला तर असलं काही विचारल्याशिवाय लावायचंच नाही. कुणाच्या नायट्यावर लावलीत तर नायटा ताटाएवढा होईल."

मला मेहकची मान आठवली. आन् मग म्हणाल्या, "ही खरूज आहे."

मला मेल्याहून मेल्यागत झालं. म्हणलं, आवो मॅडम, आमच्याकडं रोजच्या रोज आंघोळी, सारवण, धुणं! घाणीत न्हाई राहात आम्ही.

मॅडम हसल्या. "किड्याला स्वच्छ माणूस, घाण माणूस कळत नाही आजी. त्याला ऊब कळते. जो लेकराला जवळ घेतो, त्याच्याकडे तो जातो."

डोळ्याला न दिसणारा किडा! कातडीत बीळ करून राहतो, अंडी घालतो. मलम दिलं. मोठ्यांनी गळ्यापासून पायाच्या नखापर्यंत लावायचं, बेंबी न्हाई सोडायची, बोटांच्या बेचक्या न्हाई सोडायच्या. येमूला डोक्याला बी, डोळे-तोंड सोडून. हातात मोजे घालायचे, न्हाईतर चाटंल. संध्याकाळी लावायचं, सकाळी आंघोळ. आठ दिवसांनी परत एकदा. आन् घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी! खाज असो नसो. "एक माणूस राहिलं तरी परत फिरून येते," म्हणाल्या. "कोण कोण आहे घरात?"

वैष्णवी म्हणाली, "आम्ही दोघं, आत्या... आन् मामा." मामा म्हंजी आमचे मालक.

संध्याकाळी सगळ्यांनी लावलं. मालकांना ट्यूब दाखवली तर उसळले. "मी शिवतो का त्या पोरीला? मी निजतो गोठ्यात. मला कशाला तुमची रांड खरूज!"

बोलणं कडू, पण खरं हाय. शिवतच न्हाईत तर लागंल कशी? मी बी सोडून दिलं.

शनिवार, ११ जानेवारी

चादरी, वाकळा, दुपटी, टोपरी — सगळं उकळत्या पाण्यात. कढई कमी पडली, हंडा चुलीवर ठिवला. जे धुता येत न्हाई ते किडा मरंस्तोवर पिशवीत बांधून ठिवलं. येमूचा लोकरीचा ससा बी पिशवीत गेला. काय रडली त्याच्यासाठी!

राबियाला सांगितलं मेहकला डॉक्टरला दाखव म्हणून. मग बोलता बोलता माझ्या तोंडातनं गेलं — "ही खाज शिक्रापूरच्या खोल्यांतनं आली. दहा खोल्या आन् एक नळ. रविराजचं बिऱ्हाड तिथं व्हतं तवाच लागली असंल. आमच्या घरात कवा नव्हतं असलं." वळले तर दोरीवर कपडे टाकत वैष्णवी उभी. ऐकलं सगळं. चिमटे लावत राहिली.

बोलायला नको व्हतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. बोरन्हाण न्हाई. मॅडम म्हणाल्यात, दुसऱ्यांदा मलम लावून होईस्तोवर पोरांच्या घोळक्यात नको. रथसप्तमीपर्यंत चालतं म्हणे. तीळगूळ दिला, सगळ्यांनी गोड बोललं. मालकांनी सुदिक — म्हशीला.

शुक्रवार, १७ जानेवारी

परत सगळ्यांनी मलम. येमूचे पाय बरे दिसत्यात. काल रात्री शांत निजली. मी उठून उठून बघत व्हते की का रडत न्हाई!

रविवार, २६ जानेवारी

परत आलं. तळपायाला नवे दाणे, ताजे. वैष्णवीनं बघितलं आन् काळा फ्रॉक परत पेटीत ठिवला. रविराज म्हणतो डॉक्टर बदलू. रथसप्तमी पुढच्या मंगळवारी.

सोमवार, २७ जानेवारी

मॅडम रागावल्या न्हाईत. पण मलमाची चिठ्ठी बी लिहीनात. "आजोबांना घेऊन या. त्यांना बघितल्याशिवाय मी परत काही देणार नाही."

म्हणलं, मॅडम, ते लेकराला शिवत न्हाईत. आण हाय त्यांची.

"असू दे. घेऊन या."

काय हट्टी बाई! घरी येऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, थंडीनं कातडी उललीय नुसती. कुणाची उललीय विचारलं, तर तोंड फिरवलं. तवा मी नीट बघितलं. बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. बसल्या बसल्या पाठ गोठ्याच्या खांबाला घासत व्हते, म्हशीगत. किती दिवसांपासून? मी रोज जेवण देते, मला दिसलं कसं न्हाई!

मंगळवार, २८ जानेवारी

मीरासाहेबानं नेलं त्यांना. माझं ऐकलं नसतं. तो सकाळी टेम्पो दारात लावून म्हणाला, "हौसराव, चला. खांब झिजून गोठा पडला तर म्हशीनं राहायचं कुठं?" मालक म्हणाले तुझ्या नातीच्या मानंवर काय उगवलंय ते बघ आधी. मीरासाहेब म्हणाला, "तिला बी नेलंय मागल्या आठवड्यात. ट्यूब बंद, आता खायच्या गोळ्या आन् साधं मलम, महिनाभर. लाज तिला न्हाई वाटली, तुम्हाला वाटती?" बसले मग. मी मधी बसले, पळून जाऊ नयेत म्हणून.

मॅडमनी सदरा काढायला लावला. मी इतक्या उजेडात त्यांना कवा बघितलंय! बोटांच्या बेचक्या भरलेल्या, मनगटं भरलेली. कवापासून खाज हाय विचारलं तर म्हणाले, दौंडच्या लग्नापासनं. म्हंजी त्याच मित्राच्या पोरीचं लग्न, दिवाळीनंतर झालं. शब्द मोडला म्हणून हे चार दिस आधी जाऊन राबले तिथं. मांडवात भाड्याच्या गाद्यांवर शंभर माणसं दाटीनं झोपायची.

मग मॅडमनी दिवा फिरवला. डाव्या हाताला कोपरापासून आतल्या अंगानं दाण्यांचा पट्टा. छातीवर डाव्या बाजूला, खांद्यापाशी, एक झुबका. उजव्या हाताला कोपराच्या वर काहीच न्हाई. मॅडमनी दिवा बंद केला. माझ्याकडं बघितलं.

मला कळलं! माझ्या बी डाव्याच हाताला तिथंच हाय की! येमूचं बूड जिथं टेकतं तिथं. आन् डोकं टाकून निजती ते खांद्यापाशी.

मी तोंडाला पदर लावला. हसू का रडू मलाच कळंना.

मॅडमनी मलम कसं लावायचं ते सांगितलं. घरातल्या सगळ्यांनी आज संध्याकाळी परत. मालक खाली बघून ऐकत व्हते. मग हळूच म्हणाले, "किती दिस लांब ऱ्हावं लागंल?"

"कुणापासून?" मॅडम म्हणाल्या.

सदऱ्याची गुंडी लावत बसले. मग म्हणाले, "ल्हान लेकरापासनं."

"आज सगळ्यांनी लावा. उद्या आंघोळ झाली की घ्या मांडीवर," मॅडम म्हणाल्या. लिहिता लिहिता त्या बी हसत व्हत्या, मी बघितलं.

येताना टेम्पोत खिडकीतनं बाहेर बघत बोलले. "दुपारी तू घोरतीस. ती रडती. मग काय करू, म्हशीच्या हवाली करू?" आन् जरा येळानं, "माझ्यामुळं झालं का गं तिला?" मी म्हणलं, मॅडम म्हणत्यात कुणामुळं ते कुणालाच सांगता येत न्हाई. मग म्हणाले, "सुनेला कळू देऊ नको. माझा शब्द जातो." मीरासाहेबानं गाणं मोठं लावलं, ऐकलं नसल्यागत. चांगला माणूस.

पाठीला मलम मीच लावलं. किती वर्सांनी हात फिरवला त्या पाठीवरनं! कंबरेपाशी आले तशी अंग चोरून हसले. गुदगुल्या व्हत्यात म्हणे! नातवंडाचा आजा झाला तरी!

बुधवार, २९ जानेवारी

परत हंडा, परत चादरी. गोठ्यातली वाकळ बी आणली धुवायला. वाकळंच्या घडीत येमूचं एक मोजं निघालं! मी गुपचूप कमरेला खोचलं.

वैष्णवीला सकाळी दुधावरची सगळी साय वाढली. म्हणाली, आत्या, आज काय हाय? काय सांगू बाई. शिक्रापूरचं बोलले ते गिळायचंय मला, पण कारण सांगता येईना. नुसतं म्हणलं, "मी राबियापाशी बोलले ते खोटं व्हतं. मनात ठिवू नको." तिच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाली, "साय पातेल्यात ठिवा, तूप करू."

शनिवार, १ फेब्रुवारी

येमूला नवा दाणा न्हाई. जुन्याची खाज थोडी ऱ्हाईल, दोन-तीन आठवडे सुदिक, असं मॅडमनी आधीच सांगून ठिवलंय, नुसतं गार मलम लावायला दिलंय. मालकांची बोटं बी सुकली.

पण माणूस भ्यालंय. मॅडम मांडीवर घ्या म्हणल्या तरी दुपारी बाज सोडून रानात जाऊन बसत्यात. आन् येमू त्याच येळेला गोठ्याकडं बघून ओठ काढती. मी आजकाल निजत न्हाई दुपारी, नजर ठिवून असते. म्हणून तर जात न्हाईत का तिच्याकडं?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बोरन्हाण झालं! नवा दाणा न्हाई म्हणल्यावर मॅडमनी बी चालंल म्हणून सांगितलं. गल्लीतली सगळी पोरं. मेहक बी, मानंवरचं बरंच फिकं झालंय. काळा फ्रॉक, हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद. गोरे गोरे पाय, एक ताजा दाणा न्हाई. डोक्यावरनं बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे ओतले. येमू आधी दचकली, मग खदाखदा हसली! पोरं बोरांवर तुटून पडली. मी बी चार उचलली, सोडते काय.

मालक गोठ्याच्या दारात उभे, लांब. एक बोर घरंगळत त्यांच्या पायापाशी गेलं. इकडं तिकडं बघितलं. उचललं, सदऱ्याला पुसलं, तोंडात टाकलं. पण उंबऱ्याकडं एक पाऊल आले न्हाईत.

संध्याकाळी सगळ्यांनी शेवटचं मलम लावलं. पाचही माणसांनी.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पोटात राहिलं न्हाई. शेंगा फोडताना वैष्णवीला मालकांचं सगळं सांगून टाकलं. तिला काय नवल वाटलं न्हाई. म्हणाली, "आत्या, मीच ठेवायचे तिला त्यांच्या बाजंवर. ठेवायचे आणि धुणं घेऊन जायचे. माघारी आले की मामा म्हशीला विचारायचे, 'ही पोरगी हितं कुणी ठिवली गं?' त्यांना खाज आहे हे मला बी उशिरा कळलं. मॅडमना फोन करून मीच सांगितलं, मामांना बोलवा म्हणून. मामांना मात्र कळू देऊ नका. त्यांचा शब्द जाईल."

दुपारची जेवणं झाली. मी सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणलं, "मी पडते गं जरा!" आन् भिंतीकडं तोंड करून पडले. जरा येळानं घोरायला बी लागले, जागीच.